फाळक्यावरचा हात

"नाही हो मिस्त्रीकाका, ही आमची गाडी वाटत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि मिस्त्रींनी ते त्यांच्या ओठांवरून वाचलं.

गाडी चालू होती. जुनी पिकअप, बाईंच्या वडिलांची. तीस वर्षं त्यांनी तिच्यातून भाजी वाहिली, मग त्यांची दृष्टी गेली आणि गाडी बारा वर्षं शेडमध्ये गंजत पडली. बाईंनी वडिलांना पत्ता लागू न देता ती नवी करायला घेतली होती. इंजिन झालं, रंग झाला. राहिला होता सायलेन्सर. जुना पाइप हात लावताच भुगा झाला होता आणि तसला बाजारात मिळण्याची सोय नव्हती. "दारात गाडी उभी करीन, एक शब्द बोलणार नाही. बाबांनी आवाजावरून ओळखायला हवी," एवढंच बाईंचं मागणं होतं.

सायलेन्सरच्या कामात मिस्त्रींचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. पाइपात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं बंद करायची, गॅसने लालबुंद करायचा आणि एका दमात वाकवायचा. वळणावर सुरकुती पडेल तर शपथ. या गाडीसाठी त्यांनी चार दिवस घातले होते. एकच गोष्ट बाईंना सांगितली नव्हती. चाळीस वर्षं हातोडा आणि ग्राइंडर सोसून त्यांचे कान पार कामातून गेले होते. बायकोशिवाय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बहिऱ्याला आवाजाचं काम कोण देणार?

"कसा होता तो आवाज?" त्यांनी विचारलं.

बाई सांगायला लागल्या, पण बोलता बोलता इंजिनाकडे वळल्या आणि ओठ दिसेनासे झाले. मिस्त्रींनी आपली मान डोलावली. आता बाईंची उभी हयात मागच्या बाकावरची पोरं हेरण्यात गेलेली. न ऐकता डोलावलेली मान त्यांना लगेच कळली. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"काका, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाना पुसत ते म्हणाले, "नाही येत. दुसरीकडे न्यायची तर न्या, मी काही म्हणणार नाही."

बाई हलल्या नाहीत. "मग एवढं केलंत कसं?"

"हाताने." मिस्त्रींनी गाडीच्या मागच्या फाळक्यावर, माल चढवायला खाली पाडतात त्या झडपेवर, तळहात टेकवून दाखवला. "इथे सगळं कळतं. तुम्ही लहानपणी गाडीत कुठे बसायचात?"

"मागे, टोपल्यांच्या मध्ये. अनवाणी. घर येईपर्यंत तळपायांना मुंग्या यायच्या."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, माझी हुशारीच नडली."

काम चोख व्हावं, थरथर गाडीत चढू नये, म्हणून त्यांनी पाइप रबराच्या तुकड्यांवर टांगला होता. जुन्या माणसांनी मात्र तो लोखंडी पट्ट्यांनी थेट सांगाड्याला आवळलेला असणार; पाइपाबरोबर अख्खा पत्रा घुमत असणार, आणि बाईंना आठवणारा आवाज तोच. रबर काढून पट्ट्या बसवायला तास गेला. मग इंजिन चालू करून ते बाईंना म्हणाले, "चपला काढा आणि मागे चढा."

बाई चढल्या. थोडा वेळ पायांकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग खाली बसून लहान मुलीसारख्या रडल्या.

संध्याकाळी बाईंनी गाडी घरी नेली. वाटेत काही ढिलं पडलं तर आवळता यावं म्हणून मिस्त्रीही बरोबर गेले. बाबा दारात खुर्चीवर बसले होते. गाडी गल्लीत वळली तशी त्यांची मान वर झाली. बाईंनी गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि ठरवल्याप्रमाणे गप्प राहिल्या. बाबा उठले. काठी खुर्चीपाशीच राहिली. पत्र्यावरून हात फिरवत, चाचपडत ते मागे आले. तिथे मिस्त्री सवयीने फाळक्यावर हात ठेवून उभे होते. त्या हातावर बाबांचा हात पडला आणि तिथेच राहिला.

मान खाली घालून बाबा काहीतरी बोलत होते. बराच वेळ बोलत होते. मिस्त्रींना त्यांचे ओठ दिसत नव्हते. बाई सांगायला पुढे झाल्या, पण मिस्त्रींनी मोकळ्या हाताने राहू द्या अशी खूण केली.

या वेळी त्यांनी खोटी मान डोलावली नाही. खाली पत्रा थरथरत होता, वर बाबांचा हात थरथरत होता, आणि मधला हात त्यांनी जराही हलू दिला नाही.