दोन जावांच्या दारावरचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कुलूप आहे. भंगारवाल्याच्या टोपलीत गंजत पडलो आहे असे कुणी म्हणू नका, पडले आहे म्हणा. आम्हा कुलपांनाही मान असतो. मला घडवणाऱ्या कारागिराने दोन किल्ल्या दिल्या आणि हे कुणालाच दाद देणार नाही, असे छातीठोक सांगितले. मी फुशारून गेले.

एका बटणवाल्याने मला दुकानावरच्या खोलीला लावले. कित्येक वर्षे मी बटणांची खोकी राखली. मग युद्ध आले. शिपाई घराघरांतून माणसे उचलू लागले. दोन जावांचे नवरे असेच गेले, तेव्हा बटणवाल्याने त्या दोघींना माझ्या खोलीत लपवले. खोली रिकामी वाटावी म्हणून तो मला बाहेरून लावून जाई. दुसरी किल्ली त्याने थोरलीला दिली. "मला काही झालं, तर भरवशाच्या माणसाला ही दाराखालून द्या," तो म्हणाला.

मला आतले दिसत नसे, नुसते ऐकू येई. दोघींचे मुळीच पटत नव्हते. पांघरूण कुणी ओढले, पाणी कुणी जास्त प्यायले, यावरून त्या कुजबुजत भांडत आणि मग अबोला धरत. इतक्या हळू आवाजात इतके कडू बोलता येते, हे मला तिथेच कळले.

एके दिवशी बटणवाल्यालाही पकडून नेले. शिपाई वर आले, मला हिसडे दिले आणि आत कुणी नाही असे समजून निघून गेले. मी जिंकले होते, पण आतले पाणी संपत आले.

धाकटीला ताप चढला. "जाऊबाई, शेजारच्या इस्त्रीवाल्या बाईंना किल्ली द्या," ती पुन्हा पुन्हा विनवी. त्या बाईच्या पोटात काही राहत नाही, ती गल्लीभर करील, असे थोरलीचे म्हणणे. इस्त्रीवाली जिन्यावरून जाताना दाराशी रेंगाळे. तिची पावले वाजली की धाकटीचा आवाज एकदम दबे; थोरली तिच्या तोंडावर हात ठेवत असावी. मला बाई दिसत होती, पण मला वाचा कुठे होती?

अखेर एका दुपारी किल्ली दाराखालून बाहेर आली. इस्त्रीवालीने टोपली टाकून मला उघडले. थोरलीच्या मांडीवर धाकटी निपचित पडली होती. तिचे अंग गार झाले होते.

"मला पहिल्यापासून माहीत होतं," इस्त्रीवाली म्हणाली. "कुलूप तोडलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. तुम्ही हाक माराल म्हणून रोज थांबत होते."

थोरली धाकटीचे केस सारखे करू लागली.

धाकटीला कपड्यांच्या गाठोड्यातून नेले. बाहेर अजून धोका होता, म्हणून इस्त्रीवालीने मला पुन्हा लावले आणि ती रोज पाणी आणू लागली. पाणी आले की आतून थोरलीचा आवाज येई, "आधी तू पी गं." मग बऱ्याच वेळाने तिच्या एकटीच्याच घोटांचा आवाज येई.

मित्रांनो, मला तेल नाही दिलेत तरी चालेल. पण तुमच्या दाराशी कुणाची पावले रेंगाळली, तर त्या माणसाला एकदा हाक मारून बघा. आत कुणी तहानलेले असेल, तर जरा लवकर मारा.