फुकटचा ब्लॉग

नंदनवन वस्तीतल्या सुशीलच्या झेरॉक्सच्या दुकानात रोशनीचा ब्लॉग उभा राहिला, तेव्हा दोघांनाही वाटलं, आपल्याइतकं हुशार कोणी नाही. साध्या मजकुराच्या फायली लिहायच्या, एक कमांड मारायची, की स्टॅटिक साइट जनरेटर त्यांची पानं बनवून देतो. ती फुकटच्या सर्व्हरवर चढवली की झालं. ना भाडं, ना कुठे लिहिणारीचं नाव. रोशनीने पहिलाच लेख लिहिला तो सक्करदऱ्याच्या पोलीसभरती अकादमीवर. तिथले रुपराव सर मागे पडलेल्या पोरींना पट्ट्याने फोडायचे. त्यांच्या एका थपडेत तिथल्याच मिनल नावाच्या पोरीचा कान कायमचा गेला आणि ती भरतीच्या मेडिकल तपासणीत बाद झाली.

रोशनी अजून त्याच अकादमीत होती. पुढच्या आठवड्यात तिची मैदानी चाचणी. नाव लपवलं ते म्हणूनच.

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. सुशीलने त्या फायलींचा साठा इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असा खुला ठेवला होता, आणि तिथे प्रत्येक बदलापुढे बदल करणाऱ्याचं नाव आपोआप लागतं. लॅपटॉप सुशीलचा, म्हणून ओळीने सुशीलचंच नाव. हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानातच आलं नाही. रुपरावच्या भाच्याने मात्र बरोबर हुडकून काढलं.

भर दुपारी रुपराव दुकानात शिरला. (त्याला अहो-जाहो करायची आता काही गरज नाही.) रोशनी आत कागदांच्या गठ्ठ्यांमागे दुसरा लेख टाइप करत होती.

"काहून बे, माह्यावर लिवतं?" म्हणत त्याने सुशीलचं डोकं काउंटरवर आपटलं. मग कमरेचा पट्टा काढला. बक्कल गालावर बसलं, ओठ फाटला, दात रक्ताने माखले. "कोनं सांगितलं तुले हे? माह्याच पोरींपैकी कोनीतरी हाय. नाव सांग!"

"कोनीच नाई," सुशील म्हणाला.

रोशनी जागची हलली नाही. उठलं की भरती गेली, एवढंच तिच्या डोक्यात होतं. स्वतःची तिला किळस आली, तरी ती बसूनच राहिली.

सुशील रांगत उंबऱ्यापर्यंत गेला. त्याचा हात बाहेर पडला आणि रुपरावने वरून शटर खेचलं. बोटं मोडल्याचा आवाज तिला आतपर्यंत ऐकू आला. रुपरावने शटर वर केलं आणि पुन्हा खेचलं.

तेव्हा मात्र ती उठली. कोपऱ्यात शटर ओढायचा लोखंडी रॉड होता. पहिला फटका तिने रुपरावच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. दुसरा खांद्यावर बसला, तिसरा कुठे बसला ते तिलाही कळलं नाही. मारताना तिला बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं वाटत होतं.

"बस कर वं, मरंल तो!" सुशील ओरडला, तेव्हा ती थांबली.

पोलीस आले तोवर दारात गर्दी जमली होती. रुपराव बेशुद्ध पडला होता. हवालदाराने रॉड उचलला. "कोणी मारलं?"

"मी मारलं, साहेब," भिंतीला टेकलेला सुशील म्हणाला. "पोरीचा काई संबंध नाई."

रोशनीने त्याच्याकडे पाहिलं. केस लागली की वर्दी विसरायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागत होतं. सुशील डोळ्यांनी तिला तेच विनवत होता.

"त्याचा हात पाहा ना, साहेब," ती म्हणाली. "ह्या हातानं रॉड धरता येते काय? म्या मारलं. अन् तो लेखबी माहाच हाय. लिहून घ्या, रोशनी संघपाल मेश्राम."

हवालदाराने गाडीचं मागचं दार उघडलं. त्याच गाडीत वर्दी घालून पुढे बसायचं म्हणून वर्षभर पहाटे धावलेली पोर मुकाट्याने मागे चढली.