कितव्या किलोमीटरवर

माझा दादा नेमका कितव्या किलोमीटरवर राहिला?

मी बेल्जियममधल्या कोर्त्रिकच्या ओदिलआजोबांचं शर्यतीचं कबुतर बोलतोय. हे मी सगळ्यांना विचारलं. कुणी सांगितलं नाही. बार्सिलोना ते आमचं छप्पर, हजार त्रेपन्न किलोमीटर. वरचे मीटरसुद्धा शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या कागदावर आहेत. विमानाला दोन तास लागतात म्हणे. आम्हाला दुसरा दिवस उजाडतो.

आम्ही एकाच घरट्यातले. दादा माझ्याहून एका दिवसानं मोठा. त्यानं शंभर, तीनशे, पाचशे किलोमीटरवरून घरी यायचे सरावाचे सगळे टप्पे नीट शिकून घेतले. मी उतावळा. दोन टप्प्यांना वाट चुकून उशिरा पोचलो होतो. तरी आजोबांनी मलाही बार्सिलोनाला जाणाऱ्या टोपलीत घातलं. त्यांचे गुडघे गेले होते, त्यांची ती शेवटची शर्यत होती. चाळीस वर्षांत पहिला नंबर एकदाही नव्हता.

"धाकट्याला कशाला पाठवता?" मारिएटआजी म्हणाल्या.

"थोरला आणेल त्याला."

दादानं आणलंच. डोंगर ओलांडताना तो वाऱ्याच्या बाजूनं उडाला, मला आडोशाला ठेवलं. संध्याकाळी नऊशे किलोमीटर झाले तेव्हा आम्ही एका धान्याच्या कोठारावर उतरलो. तो पंख पसरून बसला. तसा तो कधी बसत नसे.

उजाडलं आणि मी उडालो. त्याला हाक मारली नाही. मागे वळून पाहिलं नाही. वाटलं, येईलच.

उरलेल्या दीडशेमध्ये कुठंतरी, किंवा त्या कोठारावरच. मला ठाऊक नाही.

आठ वाजता मी आमच्या छपरावर टेकलो. सगळ्यांच्या आधी. पण छपरावर पोचलेलं धरत नाहीत. खुराड्यात शिरून फळीवर पाय पडला, की पायातल्या कडीनं यंत्र वाजतं. तीच वेळ खरी.

मी कौलांवर बसून राहिलो. दक्षिणेकडे तोंड करून.

"ये रे राजा, ये बाळा!" आजोबा दाण्यांचा डबा खुळखुळवत होते.

शेजारचे रेमीकाका कुंपणावरून ओरडले, "ओदिल, तुझ्या पाखराला वरच कॉफी नेऊन दे! साखर किती घेतो विचार!"

"तू गप रे! तुझं अजून फ्रान्समध्ये चरतंय!"

पाच मिनिटं गेली. सात. रेमीकाकांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले, मग हळूच म्हणाले, "गावाबाहेरच्या एकाचं पाखरू आत गेलं, ओदिल. पहिला नंबर त्याचा."

डब्याचा आवाज थांबला. मला वाटलं, आता दगड येईल. आजोबा बादली उलटी करून तिच्यावर बसले. टोपी काढली. माझ्याबरोबर तेही दक्षिणेकडे पाहू लागले.

"अहो, बोलवा ना त्याला," आजी म्हणाल्या.

"राहू दे गं. थोरल्याची वाट बघतोय तो."

अकरा मिनिटं झाली. आकाशात काही नव्हतं. मला काही वाटतही नव्हतं, आजही वाटत नाही. त्या दिवसापासून मी उडत नाही. दाणे टाकतात, खातो.

माणसांनो, अंतरं मोजता तशी मागे राहिलेल्यांचीही जागा कुठंतरी लिहून ठेवा.

आजोबांचं डोकं उन्हात उघडंच होतं. मी कौलांवरून उतरलो, आत शिरलो आणि फळीवर पाय ठेवला.