रेंग्याचा ढोल आणि लढाईवरून आलेली देवी

मित्रांनो, मोलगी गावाच्या वर दोन तास डोंगर चढलात की आमचा पाडा लागतो. तिथला मी एक जुना ढोल आहे. आधीच कबूल करून टाकतो, मी हेवेखोर आहे. ढोलाचे पोट मोठे असते म्हणतात, पण माझ्या पोटात दुसऱ्याचे कौतुक कधी मावले नाही.

मला रेंग्याने घडवले. शिवणीचे खोड त्याने महिनाभर बसून कोरले, दोन्ही तोंडांना बकऱ्याचे कातडे चढवले. दोर ओढताना त्याच्या तळहाताची सालटी निघाली. त्याची आई गंगीबाई ओरडली, "अरे, एवढं झिजून तर कुणी नवरी आणत नाही!" ते ऐकून मी जो फुगलो तो फुगलोच. होळीला रेंग्या मला गळ्यात अडकवून निघाला की लोक एकमेकांना सांगत, "रेंग्याचा ढोल आला रे!" दुसऱ्या कुणी हात लावला तर मी मुद्दाम बद्द वाजायचो.

एका हिवाळ्यात रेंग्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मजुरीला गेला. तिथे उधळलेला एक घोडा त्याने नुसता कानाशी बोलून शांत केला. भरतीसाठी आलेल्या गोऱ्या सरकारच्या पलटणीच्या माणसांनी ते पाहिले. मोठी लढाई चालू होती आणि त्यांना खेचरे सांभाळायला माणसे हवी होती. रेंग्या घरी आला तो निरोप घ्यायलाच. मला खुंटीवर टांगून त्याने थोपटले आणि म्हणाला, "याहा, मी येईपर्यंत याला कुणाला देऊ नको." आमच्याकडे आईला याहा म्हणतात.

"तू ये म्हणजे झालं," गंगीबाई म्हणाली.

वर्षभराने निरोप आला की तो समुद्रापलीकडे बसऱ्याला आहे, खेचरे हाकतो, बरा आहे. झाले! तेव्हापासून मी खेचरांवर जळायला लागलो. तिकडे तो त्यांना थोपटणार आणि मी इथे चुलीचा धूर खाणार. तीन होळ्या अशाच गेल्या. लढाई संपल्याचे बाजारात कळले, तशी गंगीबाई दर बाजाराच्या दिवशी वाटेच्या वळणावर जाऊन बसू लागली.

मग एकदा मोलगीच्या बाजारात कुठल्याशा शिपायाने आमच्या पाड्यावरच्या माणसाच्या हातात एक पुडके कोंबले. "रेंग्याच्या घरी द्या. सरकारकडून आहे," एवढे बोलून तो चालता झाला. पुडक्यात एक कागद होता, पण पाड्यावर कुणाला अक्षर येत नव्हते. आणि होती एक जड चकती, तळहातापेक्षा मोठी, पितळेसारखी. तिच्यावर उभी बाई, हातात त्रिशूळ, पुढ्यात वाघासारखे जनावर. अंगावर पट्टे नव्हते, पण आमच्या डोंगरात सिंह पाहिलाय कुणी?

गंगीबाईने चकती दोन्ही हातांनी कपाळाला लावली. "देवी! माझ्या रेंग्यानं देवी पुढं पाठवली. म्हणजे तो मागून येतोय."

आणि माझे दिवस फिरले. धान्याच्या कणगीशेजारी, देवाच्या कोपऱ्यात तिला बसवले. नव्या नागलीचा पहिला घास तिला. मोहाच्या दारूचे पहिले थेंब तिला. शेजारपाजारच्या बाया शेंदूर घेऊन येत आणि माझ्याकडे पाठ करून बसत. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. अगं, तू कालची आलेली! रेंग्याच्या हाताची सालटी माझ्यापायी निघाली, तुझ्यापायी नाही. एकदा गंगीबाईने मला खाली काढले. वाटले, आठवण झाली बाबा एकदाची! तर तिने माझा दोर सोडला आणि तो देवीला टांगायला घेतला. माझे कातडे सैल पडले. पोटात उंदराने घर केले.

पुढच्या होळीच्या आठवड्यात एक माणूस काठी टेकत, लंगडत डोंगर चढून आला. त्याचे नाव फत्तेसिंग. धडगावकडचा, रेंग्याबरोबर एकाच तांड्यात खेचरे हाकणारा. तो गंगीबाईच्या पाया पडला. "उशीर झाला, याहा. पाय फुटला होता. इस्पितळात पडून होतो, मग घरी पडून होतो. पण तुझ्याकडं यायचंच होतं."

गंगीबाईला काय करू नि काय नको असे झाले. "बस बाबा, पाणी घे. तो किती मागं आहे? वाटेत कुठं थांबला?"

फत्तेसिंगची नजर देवाच्या कोपऱ्यात गेली होती. "याहा, तुला कुणी सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? देवी आहे. त्यानंच पाठवली."

"ती देवी नाही, याहा."

मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण खोटे बोलत नाही. ते ऐकून मला आनंद झाला. बरी उघडी पडली, म्हटले! आता बघू कोण शेंदूर लावतो ते.

फत्तेसिंगने चकती उचलली आणि गंगीबाईचे बोट धरून उठावदार अक्षरांवरून फिरवले. "हे रेंग्याचं नाव आहे. जो परत येत नाही, त्याच्या घरी सरकार ही पाठवतं. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्यानं मला सांगितलं, त्याच्या घरी भावाची अशीच आली होती. तिकडं नदीकाठी गोळ्या सुटल्या, खेचरं दोरांत अडकली. रेंग्या सोडवायला गेला. आठ सोडवली. त्यातल्या एकाच्या पाठीवर मी होतो. रेंग्या तिथंच राहिला."

"कधी?"

"तीन पावसाळे झाले."

गंगीबाईने चकती मांडीवर घेतली. मग म्हणाली, "गेलेल्याला आपण घास काढून ठेवतो. मी तीन वर्षं एकही घास ठेवला नाही. माझं पोर उपाशी उभं आहे रे, आणि मी इथं आनंदात." तिने पदर तोंडात कोंबला. आवाज आला तो त्यातूनच. थोड्या वेळाने ती म्हणाली, "ढोल काढ."

आमच्याकडे माणूस गेला की ढोल वाजतो. तो ठेका ऐकून डोंगरापलीकडचे नातलग निघतात. रेंग्यासाठी तो वाजलाच नव्हता. फत्तेसिंगने उंदीर हाकलला, चकतीचा दोर सोडून मला बांधला, जाळावर शेकले. सगळा पाडा माझ्याकडे बघत होता. इतकी वर्षे मला हेच तर हवे होते. पहिली थाप पडली तेव्हा मात्र गप्प राहावेसे वाटले. ढोलाला ते जमत नाही.

वेशीबाहेर रेंग्याच्या नावाने सागाचा खांब रोवला आणि त्यात ती चकती बसवली. दर होळीआधी फत्तेसिंग येई आणि खांबापुढे मला वाजवी. गंगीबाई गेली, तरी तो येत राहिला. आणि मी? वाजता वाजता मी त्या चकतीकडेच बघत असे. तिच्या अंगावर त्याचे नाव, माझ्या अंगावर नाही. हेवा काही सुटला नाही.

आता पुन्हा मोठी लढाई लागली आहे, पुन्हा पोरे गेली आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी तिकडून कागद आला तर त्याच दिवशी वाचून घ्या. जो गेला त्याचे नाव घ्या, त्याच्यासाठी घास काढा. आणि जो परत आला, त्याला दारात उभे ठेवू नका. बसवा, दोन शब्द विचारा.

फत्तेसिंग गेल्या पावसाळ्यात वारला. त्याच्या घरी सरकारकडून काही आले नाही. तो फुटका पाय घेऊन वीस वर्षे आमचा डोंगर चढला. पाय दुखतो का, हे त्याला कुणी विचारले नाही. मला तोंडे दोन होती, पण मीही विचारले नाही. मी त्या चकतीवर जळत बसलो होतो.