थेंब तरंगला म्हणून

होसकोटे गावाच्या पुढे त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाचा भाऊ मोटारसायकलवरून पडलेला, कुणाची मुलगी गच्चीवरून. डोक्याला मार, शुद्ध नाही. प्रत्येकाच्या मुठीत इस्पितळातून मागून आणलेली रक्ताची शिशी. स्वामी चांदीच्या वाटीत पाणी घेऊन एक थेंब सोडायचा. बुडाला, तर माणूस उठणार. तरंगला, तर जीव केव्हाच गेलाय, यंत्र उगाच छाती हलवतंय.

"परदेशातले डॉक्टर आत्ता कुठे रक्तातून मेंदूची खबर काढायला शिकतायत," शिष्य देवव्रत ओरडत होता. "आमच्या स्वामींना ही विद्या गर्भातच मिळाली!"

माना डोलत होत्या. मला खटकली ती देवव्रताची माया. दारातच तो प्रत्येकाला विचारायचा, "पेशंट कसा आहे हो? यंत्रावर? डोळे उघडतो?" आणि मग लगबगीने आत जायचा.

माझा चुलतभाऊ सूर्यकांत यंत्रावर होता. त्याची आई जमनाबाई, आमची अक्का, हिने आणलेला थेंब तरंगला.

"देह मोकळा करा, आई. आजच घरी न्या," स्वामी म्हणाला.

"सरी, स्वामी, नेते," अक्का पुटपुटली. नळ्या काढल्या की सूर्यकांत संपणार, हे तिलाही ठाऊक होतं.

सूर्यकांतची बायको प्रमोदिनी पुढे झाली. वाटी ज्या कलशातून भरली, त्याकडे बोट करून म्हणाली, "हे पाणी कुठलं?"

"साक्षात कावेरी!" देवव्रत म्हणाला.

"मग स्वल्प तीर्थ द्या."

देवव्रत गडबडला. "ते परीक्षेचं आहे, ताई."

"तीर्थ मागणाऱ्याला नाही म्हणता?" रांगेतली एक म्हातारी कडाडली. "ही कुठली रीत, अण्णा?"

शेडभर कुजबुज झाली. द्यावंच लागलं.

प्रमोदिनीने घोट घेतला आणि तिथेच थुंकली. "कावेरी एवढी खारट कधीपासून झाली?" पदराची पिन काढून तिने बोटात टोचली, आपलंच रक्त त्या पाण्यात सोडलं. तरंगलं. "बघा, मीही मेले!" शेजारी दुसरा कलश होता, त्यातलं पाणी गोडं. त्यात थेंब सरळ तळाला गेला. "आणि आता उठले!"

रक्त साध्या पाण्याहून जड, दाट मिठाच्या पाण्याहून हलकं. दोन कलश आणि दारातली ती चौकशी, एवढीच विद्या. स्वामी मागच्या बाजूने पळाला. मी धरायला धावलो, तर भक्तांनीच मला अडवलं!

इस्पितळात सूर्यकांतच्या डॉक्टर श्रीहर्षांनी आम्हाला समोर बसवलं. "मेंदूला मार लागला की काही प्रथिनं रक्तात उतरतात. ती मोजून पेशंट सावरेल का, हे सांगायचा प्रयत्न चालू आहे. पण अजून कच्चा आहे. तेवढ्यावर मी कुणाला मेलेला म्हणणार नाही."

"मग माझा मुलगा उठणार?"

"माहीत नाही, अम्मा."

अक्का रडली, पण मुलाला हलवू दिलं नाही.

सूर्यकांत पुढे उठला. डावा हात अजून वर जात नाही. पण तो उठला म्हणून स्वामी खोटा, असं म्हणू नका. सूर्यकांत गेला असता, तरी ते पाणी खारटच होतं. जीवनमरणाचं कुणी छातीठोक सांगू लागला, की विचारा, कशावरून? भर गर्दीत विचारा. आणि धड उत्तर मिळेपर्यंत आपल्या माणसाची नळी कुणालाही काढू देऊ नका.