शंभर तुऱ्यांची नोट

मुळशी धरणाच्या काठावर सिनेमावाल्यांनी मेरावल नावाचा देश उभा केला होता. असला देश जगात कुठं नाही, पण त्याचं सरकारी चलन, तुरा, मात्र छापून तयार. शंभर तुऱ्यांची नोट, आणि तिच्यावर राजा म्हणून कोण, तर गावातले हैबतराव! फोटो काढताना त्यांची बायको रंभाबाई कॅमेऱ्यामागून म्हणाली होती, "राजा म्हणं! चष्मा डोक्यावर, अन् घरभर हुडकत्यात ह्ये राजे." म्हातारा खळखळून हसला, आणि तेच हसू नोटेवर आलं.

पुढं महिन्याभरात हैबतराव गेले. छातीत कळ आली, पौडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. घरात त्यांचा एकच फोटो, आधार कार्डावरचा. त्यात माणूस चोरी करताना धरल्यासारखा दिसतो. रंभाबाईंना भिंतीवर ते हसू हवं होतं. एक नोट, बस्स. पण सुतकात उंबरा कसा ओलांडायचा? तेरा दिवस त्यांनी दम धरला.

चौदाव्या दिवशी उजाडताच त्या सेटवर गेल्या. तिथला मॅनेजर कौस्तुभ, भला पोरगा. "आमच्या मालकांची एक नोट द्या वो," त्या म्हणाल्या. त्याला वाटलं, म्हाताऱ्याची मजुरी राहिली असेल. त्यानं पाचशेची नोट काढून त्यांच्या हातावर ठेवली.

रंभाबाईंनी ती उलटून पालटून पाहिली आणि परत केली. "ह्याच्यावर आमचं मानूस न्हाई, लेकरा."

तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचा चेहराच उतरला. शेवटचा सीन चालू होता. मेरावलचं राज्य बुडालं म्हणून लोक होत्या नव्हत्या तेवढ्या नोटा जाळत होते. एकही मागं ठेवायची नाही, असा करारच होता. मूळ फोटोही कुणीतरी पुसून टाकलेला.

"काल आला असतात, तर एखादी लपवून दिली असती, आजी."

काल तेरावा होता. लोक काय म्हणतील म्हणून घरात बसले मी, जळो माझं ते बसणं, असं रंभाबाईंना झालं.

समोर नोटांचा ढीग पेटला होता. हजारो हैबतराव, सगळे हसत होते.

"आजी, तिकडं बघू नका. सावलीत खुर्ची देतो."

"बघू दे," त्या म्हणाल्या. "बायकांनी मसनात येऊ ने म्हणून त्या दिवशी मला दारातच ठिवलं. म्या न्हाई बघितलं त्यास्नी जाताना."

ढीग विझेस्तोवर त्या जागच्या हलल्या नाहीत.