डुकराची काहील आणि काळ्या बिअरचा फेस

जवाच्या पाकाचा डबा यापुढे येणार नाही, असं दुकानदाराने सांगितलं तेव्हा ओटाकार तिथल्याच बाकावर मटकन बसला. त्याची काळी बिअर त्या घट्ट पाकावरच बनायची, आणि नातीच्या बाप्तिस्म्याला सगळ्या गावाला तीच पाजायचं त्याने कबूल केलं होतं.

"मग पाक आपणच काढू," बरोबर आलेली त्याची मुलगी व्लास्ता म्हणाली. तिच्या कडेवर तान्ही होती. "मोड आणून भाजलेले जव भरडायचे, गरम पाण्यात मुरवायचे, गाळायचे. डब्यात तरी दुसरं काय असतं, बाबा? तेच, आटवलेलं."

"तुला केस विंचरायला वेळ नाही, आणि म्हणे पाक काढते!"

"हिला झोप लागली की काढीन. तुम्ही घोरत असता तेव्हाच."

पहिल्या खेपेला तिने पाकाच्या वजनाइतकेच जव घेतले. जन्मभर डबेच उघडणाऱ्या घरात दुसरं काय होणार! बिअर पाणचट झाली. "पावसात विसरलेला पेला," ओटाकार म्हणाला. त्याला वाटलं, आता हिचं खूळ संपलं. पण ती उरलेला चोथा बोटांनी चोळत बसली. "टरफलंच किती आहेत बघा ना. पाक म्हणजे नुसतं सार. जव दीडपट तरी लागतील. आणि भांडं मोठं."

मोठं भांडं घरात एकच होतं. हिवाळ्यात डुक्कर कापलं की ज्यात मांस शिजायचं, ती तांब्याची काहील. व्लास्ताने ती गोठ्यातून ओढून आणली, गरम पाण्याने धुतली आणि बाळाला पाजायला आत गेली.

ओटाकारने काठावरून बोट फिरवून वास घेतला. चरबी. एवढीशी जरी राहिली तरी बिअरचा फेस बसणार, आणि बिनफेसाच्या बिअरकडे गावात कुत्रंही बघत नाही. गप्प राहायचं म्हटलं तर राहता येत होतं. मग बिअर फसली की सगळेच म्हणाले असते, डबा तो डबाच.

आतून अंगाई ऐकू येत होती. दारातून दिसत होतं, गाता गाता ती जव भरडत होती, एका हाताने. या पोरीला हे शिकवलं तरी कोणी? त्याने बाह्या सरसावल्या, धुण्याचा सोडा घेतला आणि काहील घासायला बसला.

व्लास्ता परत आली तेव्हा तांबं लखलखत होतं. "बाबा, मी धुतली होती की!"

"धुतली होतीस. घासली नव्हतीस."

बाप्तिस्म्याच्या दिवशी पेल्यांवर जाड, तपकिरी फेस चढला आणि उतरायचं नावच घेईना. शेजारचा ब्झेतिस्लाव्ह मिशा पुसत म्हणाला, "काय रे ओटाकार, तुझे डबे संपले होते ना?"

"संपले," ओटाकारने पेला वर धरला. "ही बिअर माझी नाही. ती बाळाची ढेकर काढतेय ना, तिची आहे."